न पाहिलेल्या गाडीसाठी रांग : टेस्ला मॉडेल ३, मार्च २०१६

३१ मार्च २०१६ रोजी रात्री साडेआठला, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या हॉथॉर्नमध्ये, विजेच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्लाच्या डिझाइन स्टुडिओत मॉडेल ३ या नव्या गाडीचं अनावरण ठरलं होतं. प्रवेश फक्त आमंत्रितांना. बाकीच्या जगाने थेट प्रक्षेपण पाहायचं. कार्यक्रम संपत आला तेव्हा कंपनीचा प्रमुख इलॉन मस्कने मंचावरून आकडा सांगितला : गेल्या चोवीस तासांत १ लाख १५ हजारांहून अधिक नोंदण्या, प्रत्येकीमागे एक हजार डॉलर. यातले बहुतेक लोक गाडीचं तोंडही न बघता पैसे भरून मोकळे झाले होते.

या घटनेबद्दल बोलताना लोक दोनपैकी एका बाजूला झुकतात. काहींच्या मते ही निव्वळ अंधभक्ती. काहींच्या मते हा विक्रीकलेचा चमत्कार, कारण टेस्ला जाहिरातींवर पैसे खर्च करत नव्हती. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. भक्त तर आधीही होते, पण दुकानासमोर रात्रभर झोपायला ते २०१६ मध्येच आले. आणि विक्रीकला म्हणावी, तर स्वतः मस्कलाच एवढ्या गर्दीची कल्पना नव्हती. दुकानागणिक काही डझन माणसं येतील असं वाटलं होतं, आठशे नव्हे, असं त्याने त्याच रात्री ट्विटरवर लिहिलं. त्या लोकांनी हजार डॉलर देऊन नेमकं काय घेतलं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी तर नक्कीच घेतली नव्हती. घेतली ती रांगेतली एक जागा. ती जागा कुणाला किती लाभली, हे तो माणूस कुठे राहतो आणि खिशात किती घेऊन आलाय यावर ठरलं. अनावरणाच्या आधीच्या उत्साहात हा फरक कुणाला जाणवला नाही.

आधीची आमंत्रणं

हॉथॉर्नच्या रात्रीमागे दहा वर्षांची सवय होती. टेस्लाचं पहिलं मोठं अनावरण १९ जुलै २००६ रोजी सँटा मोनिका विमानतळावरच्या बार्कर हँगरमध्ये झालं. साडेतीनशेच्या आसपास निमंत्रित, त्यांत कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर. गाडी होती रोडस्टर, दोन माणसांची, लोटसच्या एलिस गाडीवर बेतलेली. पाहुण्यांनी गाडीत बसून फेरी मारायची आणि पसंत पडली तर चेक फाडायचा, असा सरळ व्यवहार. पहिल्या शंभर गाड्यांसाठी पूर्ण एक लाख डॉलर आगाऊ मागितले होते, आणि त्या शंभर जागा काही आठवड्यांत भरल्या. ज्या कंपनीने तोवर एकही गाडी विकली नव्हती, तिला लोकांनी हे पैसे दिले. बोलावणं गाडी बघण्याचं असलं, तरी काम गुंतवणुकीचं होतं.

त्यानंतर पंधरवड्यात, २ ऑगस्ट २००६ ला, मस्कने कंपनीच्या संकेतस्थळावर आपला ‘गुपित’ आराखडा जाहीर केला. आधी महागडी स्पोर्ट्‌स कार विकायची, त्या पैशातून जरा स्वस्त गाडी, आणि तिच्या पैशातून सर्वसामान्यांना परवडेल अशी गाडी. गुपित सगळ्यांसमोर मांडण्यातली मिश्किली बाजूला ठेवली तरी, या लेखाने एक मोठं काम करून ठेवलं. रोडस्टर घेणाऱ्या श्रीमंताला आपण चैन करत नसून पुढच्या कुणाची तरी गाडी शक्य करतोय असं वाटू लागलं. आणि ज्याला रोडस्टर परवडत नव्हती, त्याला कळलं की आपली पाळी पुढे आहे. वाट बघण्याची सुरुवात तिथे झाली, २०१६ मध्ये नव्हे.

मग मॉडेल एस. २६ मार्च २००९, पुन्हा हॉथॉर्न. इसार पाच हजार डॉलर. मॉडेल एक्स, ९ फेब्रुवारी २०१२, तोच आकडा. (दोन्हींच्या पहिल्या मोजक्या खास आवृत्तींसाठी चाळीस हजार मागितले गेले.) मॉडेल ३ साठी एक हजार, तेही मागाल तेव्हा परत. इसार उतरला तशी रांग लांबली, यात गूढ काही नाही. पण प्रत्येक वेळी खालच्या पायरीचं अनावरण बघायला वरच्या पायरीवरचे गिऱ्हाईक बोलावले गेले, ही यातली खरी खुबी.

तारखा चुकण्याची सवयही तेवढीच जुनी. रोडस्टर उशिरा आली, आणि मॉडेल एक्स तर अनावरणानंतर साडेतीन वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१५ ला, पहिल्या ग्राहकांच्या हाती पडली. त्यामुळे मार्च २०१६ मध्ये रांगेत उभ्या राहिलेल्यांना ‘२०१७ च्या अखेरीस गाड्या मिळतील’ या शब्दांवर किती विसंबायचं ते माहीत होतं. आपापसात ते त्यावर विनोदही करत. त्यांना फसवलं असं म्हणणं मला पटत नाही. डोळे उघडे ठेवून उभे राहिले होते.

दार बंद, रांग उघडी

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने नियम जाहीर केले. अनावरणाच्या सोहळ्याला टेस्लाच्या गाड्यांच्या सध्याच्या मालकांना यायचं असेल, तर त्यांनी नाव द्यायचं आणि सोडतीत ते निघालं पाहिजे. याशिवाय पत्रकार आणि कंपनीची माणसं. बाकी कुणी नाही. नोंदणी मात्र सगळ्यांना खुली : ३१ मार्चला दुकानं उघडतील तेव्हा तिथे जाऊन, किंवा मग रात्री अनावरणाच्या सुमारास ऑनलाइन.

या दोन नियमांची जोडी नीट बघायला हवी. नुसतं आमंत्रण असतं, तर मागे राहिलेल्यांच्या हाती हळहळण्यापलीकडे काही उरलं नसतं. नुसती ऑनलाइन नोंदणी असती, तर लोकांनी घरी बसून बटण दाबलं असतं आणि दुसऱ्या दिवशी छापायला एकही छायाचित्र मिळालं नसतं. इथे मात्र आत जाऊ न शकलेल्या माणसाला त्याच दिवशी, त्याच्याच शहरात, करण्यासारखं काहीतरी मिळालं. सोहळ्याचं आमंत्रण नशिबावर अवलंबून होतं, रांगेतला नंबर कष्टावर. पहाटे उठा, खुर्ची घेऊन जा, पुढे उभे राहा. ऑनलाइनवाल्यापेक्षा आपण काही तास आधी नोंदवलं एवढाच त्याचा फायदा, पण तो आपल्या हातचा.

आणि दुकानं स्थानिक वेळेनुसार उघडणार असल्याने ३१ मार्चची सकाळ आधी ऑस्ट्रेलियात उजाडली. सिडनी आणि मेलबर्नच्या दुकानांबाहेर लोक आदल्या दिवसापासून ठाण मांडून होते. त्यांची छायाचित्रं फिरू लागली तेव्हा युरोपात अजून रात्र होती आणि कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची दुपार. म्हणजे आपल्या दुकानासमोर किती गर्दी होणार याचा अंदाज प्रत्येक शहराला पूर्वेकडच्या शहराकडे बघून आला, आणि तो बघूनच आणखी लोक लवकर निघाले. हाँगकाँगची रांग, मग युरोप, मॉन्ट्रियल, शेवटी पॅसाडिना आणि पालो आल्टो. ही साखळी कुणी आखली होती असं मला वाटत नाही. पृथ्वी फिरते, एवढंच तिचं श्रेय. पण एकाच क्षणी सगळीकडे नोंदणी उघडली असती, तर हे झालं नसतं.

रांगेतल्या लोकांना गाडीबद्दल काय माहीत होतं? किंमत ३५ हजार डॉलरपासून. एका चार्जमध्ये किमान २०० मैल. मॉडेल एसपेक्षा लहान. बस. रंगरूप, डिकी, डॅशबोर्ड, यातलं काही बाहेर आलेलं नव्हतं. रिकाम्या जागा चाहत्यांनीच भरल्या : कुणी संगणकावर काल्पनिक चित्रं रंगवली, कुणी मस्कच्या जुन्या वाक्यांचा कीस काढला. एरवी गाड्यांच्या धंद्यात अनावरणाच्या महिनाभर आधी झाकलेल्या गाडीचे फोटो ‘फुटतात’, आणि ते बहुधा कंपनीच फोडते. इथे तसं फारसं झालं नाही. ठाऊक असलेल्या दोनच गोष्टी, किंमत आणि पल्ला, याच निर्णायक होत्या, कारण त्या वेळी दोनशे मैल जाणारी गाडी घ्यायची तर टेस्लाकडेच यावं लागे आणि तिची किंमत याच्या दुपटीच्या घरात असे. रूप कसंही असो, हिशेब जुळत होता. म्हणून ‘न बघता पैसे भरले’ हे वाक्य ऐकायला जितकं वेडेपणाचं वाटतं तितकं ते नाही. पैसे परत मिळणार होते हेही विसरायला नको.

कुणाचा नंबर कुठे

या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्या दिवशी सगळ्यांत कमी वाचला गेलेला कागद म्हणजे वाटपाचा क्रम. आधी टेस्ला आणि मस्कचीच रॉकेट कंपनी स्पेसएक्स यांचे कर्मचारी. मग प्रत्येक प्रदेशात आधी जुने मालक, त्यानंतर नवे. भौगोलिक क्रम असा की अमेरिकेचा पश्चिम किनारा, तिथून पूर्वेकडे. त्यानंतर युरोप आणि आशिया. आणि उजव्या हाताच्या सुकाणूचे देश शेवटी.

आता सिडनीच्या रांगेतल्या पहिल्या माणसाकडे बघा. घड्याळाच्या हिशेबाने तो जगातल्या अगदी पहिल्या नोंदणीदारांपैकी. पण ऑस्ट्रेलियात गाडी उजव्या सुकाणूची लागते. तिथल्या ग्राहकांना मॉडेल ३ मिळू लागली ती ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी जूनमध्ये. म्हणजे तीन वर्षांहून जास्त. कॅलिफोर्नियात ज्याच्या घरी आधीच मॉडेल एस उभी होती, त्याने त्या रात्री जेवून-खाऊन सोफ्यावरून नोंदणी केली असेल, तरी २०१७ संपता संपता गाडी त्याच्या दारात येऊ शकत होती. पहाटेच्या थंडीचं मोल रांगेत उभं राहून ठरणार नव्हतं. ते सुकाणू कुठल्या बाजूला आहे यावर आधीच ठरलेलं होतं. हे नियम लपवलेले नव्हते. पण रात्रभर जागलेल्या माणसाला आपण ‘पुढे’ आहोत असं वाटण्यापासून ते रोखूही शकले नाहीत.

ती रात्र

सोहळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मस्कने सुरुवात गाडीने केली नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या पातळीने आणि वाहनांच्या धुराने होणाऱ्या मृत्यूंनी केली. मग रोडस्टर, एस, एक्स अशी पायऱ्यापायऱ्यांची कथा, आणि त्यात एस व एक्सच्या खरेदीदारांचे आभार : तुम्ही दिलेल्या पैशांतून ही गाडी झाली. दालनात नेमके तेच लोक बसले होते. दहा वर्षांपूर्वीच्या लेखाची पावती त्यांना सर्वांसमोर मिळाली. आमंत्रणाचं खरं प्रयोजन इथे दिसतं.

मग तीन गाड्या मंचावर आल्या. आकडे : २१५ मैल, ताशी साठ मैलांचा वेग सहा सेकंदांच्या आत, पाच माणसं. पुढे जाळी नाही, आत काचेच्या छताखाली एकच आडवा पडदा. नंतर आमंत्रितांना नमुना गाड्यांतून छोट्या फेऱ्या. फेरी मारून उतरलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन होता, आणि पुढचे काही तास बाहेरच्या जगाला गाडीची माहिती मिळाली ती याच लोकांकडून. पत्रकारांइतकंच, किंबहुना जास्तच, मालकांचं ऐकलं गेलं. डॅशबोर्ड इतका रिकामा का, यावर मस्कने पुढच्या भागाची वाट बघा असं सांगितलं, म्हणजे हे अनावरण पुरतं अनावरणही नव्हतं. काही प्रश्न मुद्दाम शिल्लक ठेवले गेले.

उत्साहाचे पैसे

दुसऱ्या दिवशी आकडा १ लाख ८० हजार नोंदण्यांवर गेला. शनिवार संपेपर्यंत २ लाख ७६ हजार. आठवड्याअखेर कंपनीने ३ लाख २५ हजारांचा आकडा जाहीर केला आणि त्यातून सुमारे १४०० कोटी डॉलरची विक्री होईल असं गणित मांडलं. आदल्या संपूर्ण वर्षात टेस्लाने जेमतेम ५० हजार गाड्या दिल्या होत्या. मे महिन्याच्या मध्यापर्यंत, आठ हजार ग्राहकांनी नोंदणी रद्द केल्यावर आणि चार हजारांवर दुबार नोंदण्या कंपनीने काढून टाकल्यावरही, ३ लाख ७३ हजार उरल्या.

१४०० कोटींचं गणित मला तेव्हाही फसवं वाटलं होतं. परत मिळणाऱ्या हजार डॉलरला ‘विक्री’ म्हणणं म्हणजे लग्नाला येतो म्हणून सांगितलेल्या प्रत्येकाचा आहेर आधीच वहीत मांडणं. पण बाजाराने ते गणित मानलं, आणि तिथेच या उत्साहाचं पैशात रूपांतर झालं. फेब्रुवारीत दीडशे डॉलरच्या खाली घसरलेला शेअर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २४० च्या वर गेला. मे महिन्यात कंपनीने वर्षाला पाच लाख गाड्यांचं उद्दिष्ट २०२० वरून २०१८ वर आणलं आणि नवे शेअर विकून १४० कोटी डॉलरहून जास्त उभे केले. इसाराचे पैसे त्यापुढे थोडेच : सुमारे ३७ कोटी. म्हणजे चाहत्यांचे हजार डॉलर हे भांडवल म्हणून नगण्य होते. पुरावा म्हणून अमोल. मागणी आहे, हे गुंतवणूकदारांना दाखवायला रांगेइतका चांगला दाखला नाही. २००६ मध्ये हँगरमधल्या माणसाने थेट पैसा दिला होता; २०१६ मध्ये फुटपाथवरच्या माणसाने फक्त उभं राहून दाखवलं, आणि पैसा दुसऱ्याने दिला.

जागेची किंमत

अमेरिकेत मॉडेल ३ च्या रांगेत पुढे असण्याला रोख किंमत होती : ७,५०० डॉलर. विजेची गाडी घेणाऱ्याला केंद्राकडून एवढी कर-सवलत मिळे. पण एका कंपनीने अमेरिकेत दोन लाख गाड्या विकल्या की ज्या तिमाहीत हा आकडा गाठला तिच्यापुढची एक तिमाही पूर्ण सवलत, मग सहा महिने निम्मी, मग सहा महिने चतुर्थांश, मग शून्य, असा कायदा होता. लाखांनी नोंदण्या झाल्यावर हे गणित प्रत्येकाने मांडलं. नंबर मागे पडला, तर ३५ हजारांची गाडी प्रत्यक्षात साडेसात हजारांनी महाग होणार. रांगेच्या चर्चांमध्ये भक्तिभाव कमी आणि हा हिशेबच जास्त होता.

पुढे झालं ते असं. २८ जुलै २०१७ ला फ्रीमाँटच्या कारखान्यात पहिल्या तीस गाड्या दिल्या गेल्या, त्याही बहुतांशी कर्मचाऱ्यांनाच. मस्कने तिथेच ‘उत्पादनाचा नरक’ पुढे आहे असं सांगून टाकलं. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत दीड हजार गाड्यांचं उद्दिष्ट होतं; बनल्या २६०. आठवड्याला पाच हजार हा २०१७ च्या अखेरीचा वायदा जून २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात पुरा झाला, तोही कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून त्यात जुळणीची नवी ओळ उभी केल्यावर.

आणि सुरुवातीला बनली ती फक्त महागडी आवृत्ती : मोठी बॅटरी आणि वरच्या दर्जाचं सामान घेतलंच पाहिजे, किंमत ४९ हजार डॉलर. कंपनीच्या बाजूने यात तर्क होता, कारण दर गाडीमागे नफा लागतच होता. टेस्लाने दोन लाखांचा टप्पा जुलै २०१८ मध्ये ओलांडला. पूर्ण सवलत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपली. ३५ हजारांची गाडी विक्रीला आली २८ फेब्रुवारी २०१९ ला, म्हणजे सवलत निम्मी झाल्यानंतर. दीडेक महिन्यात ती ऑनलाइन यादीतून काढलीही गेली. हवी असेल तर फोन करा किंवा दुकानात जा.

याचा अर्थ असा, की २०१६ च्या रांगेत दोन तऱ्हेची माणसं शेजारीशेजारी उभी होती. ज्याला वर चौदा हजार घालणं शक्य होतं त्याला गाडीही लवकर मिळाली आणि साडेसात हजार परतही मिळाले. ज्याने ३५ हजार हाच आकडा मनात धरला होता, ज्याच्यासाठी हा सगळा आराखडा आखला होता असं सांगितलं जात होतं, त्याचा नंबर रांगेत पुढे असूनही उपयोगाचा ठरला नाही. ऑगस्ट २०१७ पर्यंत एकूण ५ लाख १८ हजार नोंदण्यांपैकी ६३ हजार रद्द झाल्या होत्या. प्रत्येकाची कारणं वेगळी असणार. पण मला या प्रकरणात कुणाबद्दल कणव वाटत असेल, तर ती या दुसऱ्या माणसाबद्दल.

तुलनेला शेवरोलेची विजेची गाडी बोल्ट आहे. २०१६ च्याच जानेवारीत लास व्हेगसमध्ये दाखवली गेली, डिसेंबरमध्ये ग्राहकांना मिळूही लागली. पल्ला २३८ मैल, किंमत ३७,४९५ डॉलर. शब्दाला जागलेली, मॉडेल ३ च्या आधी आलेली गाडी. तिच्यासाठी कुणी रात्र काढली नाही. विक्रेत्याकडे जाऊन घ्या, इतकं सोपं. आणि जी वस्तू मिळतेच आहे तिच्यासाठी रांग कशाला लागेल? शेवरोलेने विजेच्या गाडीवर सगळं पणाला लावलेलं नव्हतं, हेही गिऱ्हाइकाला दिसत होतं.

आणि आपल्याकडची नॅनो. मार्च २००९ मध्ये मुंबईच्या पारसी जिमखान्यावर बाजारात आणली, एप्रिलमध्ये नोंदणी झाली. दोन लाखांवर अर्ज आले, पहिल्या एक लाख गाड्या सोडतीने वाटल्या. तिथे इसार म्हणजे जवळजवळ गाडीची पूर्ण रक्कमच भरायची होती, त्यामुळे सुमारे अडीच हजार कोटी रुपये जमले. मॉडेल ३ पेक्षा हा फार कडक कसोटीचा उत्साह, तरी पुढे ती गाडी चालली नाही. नोंदणीच्या आकड्यावरून गाडीचं भविष्य वाचणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. नॅनोचा ग्राहक गाडी मिळाल्यावर शेजाऱ्याला ती दाखवायला फारसा उत्सुक नव्हता. टेस्लाचा ग्राहक गाडी मिळण्याआधीच दाखवत सुटला होता.

सकाळी नऊ वाजता, भारतात

हॉथॉर्नमधली रात्रीची साडेआठ म्हणजे आपल्याकडे १ एप्रिलच्या सकाळी नऊ. आदल्या दिवशीच मस्कने नोंदणीच्या यादीत ब्राझील, दक्षिण आफ्रिका, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, सिंगापूर, आयर्लंड यांच्यासोबत भारताचंही नाव घातलं होतं. इथे तेव्हा टेस्लाचं दुकान नव्हतं, कार्यालय नव्हतं, दुरुस्तीची सोय नव्हती. तरी क्रेडिट कार्डावर हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ६६ हजार रुपये, भरणारे निघाले. पेटीएमचे विजय शेखर शर्मा, मुंबईचे विशाल गोंडल अशा उद्योजकांनी आपण नोंदणी केल्याचं उघड सांगितलं. तिकडच्या ३५ हजार डॉलरचे त्या दराने २३ लाख होतात. आयात शुल्क किमान ६० टक्के धरलं तरी ३७ लाख, वर इथले कर. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

भारताचा समावेश टेस्लाला काहीच खर्च न पडता झाला, आणि इथेच मला कंपनीचं वागणं सगळ्यांत जास्त खटकतं. अमेरिकेतल्या नोंदणीदाराला उशीर झाला, पण त्याच्या जागेमागे कारखाना होता, क्रम होता. भारतातल्या नोंदणीमागे एक ट्वीट होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत मस्कने त्या उन्हाळ्यापर्यंत भारतात येण्याची आशा व्यक्त केली; मग सुट्या भागांच्या स्थानिक खरेदीच्या अटीचं कारण पुढे आलं आणि अशी अट नाही असं सरकारी खुलाशात सांगितलं गेलं; २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘पुढच्या वर्षी नक्की’. नितीन गडकरी २०१६ च्या जुलैतच कॅलिफोर्नियात टेस्लाला भेटून बंदरांजवळ जागा देऊ करून आले होते. आयात शुल्कावर दोन्ही बाजू अडून बसल्या. जानेवारी २०२१ मध्ये बंगळुरूत कंपनीची नोंदणी झाली, २०२३ मध्ये पुण्यात विमाननगरला कार्यालयाची जागा घेतली गेली. यादीतल्यांना मात्र नंबर कितवा, हे सांगणारं कुणी नव्हतं. पैसे परत मागता येत होते, हे खरं. पण ज्या देशात गाडी द्यायचा बेतच ठरलेला नाही तिथे इसार घेऊ नये, इतकं साधं पथ्य पाळता आलं असतं.

मे २०२५ मध्ये भारतातल्या जुन्या नोंदणीदारांना कंपनीची पत्रं आली : मॉडेल ३ ची ती पहिली आवृत्ती आता बंद झाली आहे, इथे काय विकायचं ते ठरवतो आहोत, तूर्त तुमचे पैसे परत करतो. त्यानंतर दोन महिन्यांनी, १५ जुलैला, वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं भारतातलं पहिलं दालन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते उघडलं. दालनात विक्रीला होती ती मॉडेल वाय, शांघायहून आयात केलेली, ५९ लाख ८९ हजारांपासून. या दालनातून पहिली गाडी सप्टेंबरमध्ये राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली. मॉडेल ३ इथल्या यादीत नव्हतीच.